गळ्यातली गाठ आणि सात मिली दारू

गाठ आधी मला दिसलीच नाही, माझ्या ज्युनिअरला दिसली. जानेवारी २०२३. कराडच्या कोर्टात बाररूममध्ये चहा पीत बसलो होतो. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही घोट घेताना गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय." एकवीस वर्षं मी रोज आरशासमोर उभी राहून पांढरा बँड बांधते. बँड सरळ आहे का ते बघते, गळा कधी बघितला नव्हता. घरी आल्यावर तोंडात पाणी धरून आरशासमोर उभी राहिले. गिळलं, तशी उजवीकडून लिंबाएवढी गाठ वर सरकली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. कधीपासून मुक्कामाला होती कोण जाणे.

सोनोग्राफीत कळलं की थायरॉईडच्या उजव्या भागात ४.१ बाय २.९ बाय २.६ सेंटिमीटरची गाठ आहे, आत बहुतेक पाणी आणि एका कडेला थोडा घट्ट भाग. ही तिन्ही मापं एकमेकांना गुणून पुन्हा ०.५२ ने गुणलं की आकारमान मिलिलिटरमध्ये येतं, हे सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तिथल्या तिथे मोबाईलवर हिशोब केला, १६ मिली. खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे गळ्यात घेऊन मी युक्तिवाद करत होते म्हणायचं.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. इथे एक गोष्ट सांगते, कारण पुढचं वर्षभर मला भेटणाऱ्या प्रत्येक बाईने हाच प्रश्न विचारला: "थायरॉईड ना? मग गोळी चालू केली का?" नाही केली. ग्रंथी तिचं काम नीट करत होती, ग्रंथीचं काम दाखवणारा रक्तातला टीएसएच जिथे असायला हवा तिथे होता. गाठ हा वेगळा मामला आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी घेऊन पाण्याची गाठ काही सुकत नाही.

फेब्रुवारीत गावातच सुई घालून पाणी काढलं. १४ मिली निघालं. पाणी म्हणायचं एवढंच, रंग पातळ केलेल्या काकवीसारखा होता. मी घाबरले, पण डॉक्टर निवांत होते. अशा बहुतेक गाठी आधी साध्या घट्ट गाठी असतात, मग आतून विरघळायला लागतात, आत थोडं रक्त उतरतं आणि जुनं झालं की त्याचा हा रंग होतो, असं ते म्हणाले. उलट नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी निघालं असतं, तर थायरॉईडला चिकटून असणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथीची गाठ तर नाही ना, म्हणून ते वेगळं तपासायला पाठवलं असतं. टेबलावरून उठले तेव्हा गाठ गायब. घरी येताना सासूबाईंसाठी पेढे घेतले.

पेढे संपायच्या आत रिपोर्ट आला: फक्त द्रव, निदान करण्याइतक्या पेशी नाहीत. म्हणजे साक्षीदार हजर झाला आणि काहीच बोलला नाही. पाचव्या आठवड्यात गाठही हजर.

एप्रिलमध्ये पुन्हा सुई. या वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, आधी कडेच्या घट्ट भागातून पेशी घेतल्या आणि मग १५ मिली पाणी काढलं. पेशींचा रिपोर्ट साधी गाठ असा आला, बेथेस्डा दोन, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींचा गट. कॅन्सरची भीती तिथे बरीचशी उतरली. पण सोळाव्या दिवशी रात्री झोपेत कूस बदलताना गळ्यावर कोणी अंगठा ठेवल्यासारखं वाटलं आणि समजले, आली परत. फुगा रिकामा केला तरी रबर तिथेच असतं. भिंत शाबूत आहे तोवर ती पाझरत राहते.

आता प्रश्न होता करायचं काय. सर्जनचं मत स्पष्ट होतं. ग्रंथीचा उजवा अर्धा भाग काढून टाकायचा, पुन्हा तिथे गाठ व्हायला जागाच नको. गळ्यावर आडवा व्रण राहील, उरलेला अर्धा भाग पुरला नाही तर गोळी लागेल. काहीच न करता नुसतं बघत राहणं हाही मार्ग होता, कारण गाठ साधीच होती. पण मला आता गिळताना ती जाणवायला लागली होती, आणि खोटं कशाला बोलू, दिसतही होती. समोरचा पक्षकार माझ्या डोळ्यांकडे न बघता गळ्याकडे बघून बोलतो, हे मला खटकत होतं.

तिसरा मार्ग पुण्याच्या एका रेडिओलॉजिस्टनी सांगितला: पाणी काढायचं आणि त्याच सुईतून इथेनॉल सोडायचं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, तेही ९९ टक्के. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के असतं, त्याहून कडक. ते भिंतीच्या आतल्या पेशींमधलं पाणी शोषून घेतं, त्यांच्यातली प्रथिनं अंड्याच्या बलकासारखी गोठवतं, भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतं. पाझरणारं अस्तरच मेलं की भिंती आक्रसतात, एकमेकींना चिकटतात. थायरॉईडवर हे १९९०च्या आसपासपासून वापरलं जातंय आणि परत परत भरणाऱ्या पाण्याच्या गाठीला ते चांगलं लागू पडतं. घट्ट गाठीला नाही. तिथे दारू नीट पसरत नाही, म्हणून तिथे उष्णतेने जाळायचे दुसरे प्रकार वापरतात.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. मी "दारू" हा शब्द टाळायला हवा होता. आमच्या सासूबाई माळकरी. घरात कोणी खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं अल्कोहोल वाचायला लावतात.

"गळ्यात दारू भरत्यात?"

"भरत नाहीत आई, घालतात आणि परत काढून घेतात."

"सगळी काढत्यात का थोडी ऱ्हाती?"

एकवीस वर्षं कोर्टात काढली, पण असा नेमका उलटतपास मला जमलेला नाही. मी खरं ते सांगितलं, थोडी राहते आणि रक्तात मिसळून निघून जाते. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता वरीसभर माळंचं नाव काढत न्हाय." लग्न झाल्यापासून त्या माझ्या मागे आहेत, माळ घाल म्हणून. मला मासे आवडतात, म्हणून मी टाळत आलेय. त्या एका वाक्यापुरती ही दारू मला लाभली.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, तेव्हाची वेळ घेतली. सुई घालायच्या आधी पुण्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घेतलं. नाकातून बारीक कॅमेरा घालतात. दोन्ही बाजूच्या स्वरपट्ट्या नीट हलतात का ते आधीच बघायचं असतं. एका बाजूची आधीच बंद असेल आणि दुसऱ्या बाजूला इजा झाली तर श्वासाचाच प्रश्न येतो. माझ्या दोन्ही छान हलत होत्या. हा तपास सगळीकडे करतातच असं नाही. माझा करून घेतला, याचा मला पुढे फार उपयोग झाला.

संमतीपत्र मी वाचलं. वकील असून न वाचता सही करणारे मी पाहिलेत. पहिला मुद्दा दुखणं आणि जळजळ, दुसरा आत रक्तस्राव होऊन गाठ एकदम फुगणं, तिसरा दारू गाठीबाहेर पाझरून आजूबाजूचे भाग एकमेकांना चिकटणं आणि पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर ते अवघड होणं, चौथा आवाज बसणं, बहुतेक वेळा तात्पुरता. पाचवा, पुन्हा करायला लागणं. चौथ्यावर मी थांबले. "किती जणांचा बसतो?" डॉक्टर म्हणाले, थोड्यांचा. "थोड्यांचा म्हणजे शंभरात दहा का दोन?" "दोनाच्या जवळ." मी सही केली.

खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकली होती. छतावर एक ओल आलेला डाग होता, त्याचा आकार कोयनेच्या पाणलोटासारखा होता, तेवढंच बघायला. बधिर करायचं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं. सुई गाठीवर सरळ टोचतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी गळ्याच्या मधोमध, ग्रंथीच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्ट्यातून ती आडवी आत नेली. कारण विचारलं तर म्हणाले, ग्रंथीच्या मांसातून सुई गेली की ती घट्ट धरली जाते, दारू मागे ओघळत नाही. आणि आवाजाची नस मागच्या बाजूला असते, त्या दिशेला सुईचं टोक जाऊ द्यायचं नसतं.

"आता बोलायचं नाही, गिळायचं नाही, खोकायचं नाही. काही वाटलं तर हात वर करा."

गिळू नका म्हटलं की तोंडात कृष्णेला पूर येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

१५ मिली काढलं, तेच काकवीचं पाणी. मग सलाईन आत सोडून, ओढून, पुन्हा सोडून गाठ आतून विसळली, येणारं पाणी जवळजवळ निवळशंख होईपर्यंत. मग काचेच्या छोट्या कुप्या फोडल्याचा आवाज आला. काढलेल्या पाण्याच्या निम्म्यापर्यंत दारू घालतात, माझ्यात ७ मिली. सावकाश, थेंबाथेंबाने. मान न हलवता डोळे तिरके केले तर पडदा दिसत होता. काळ्या विहिरीत चुन्याची निवळी ओतावी तसं पांढरं भिरभिरत होतं. आत कोमट वाटलं, मग गरम, पण सोसण्याजोगं. पाच मिनिटं तसंच ठेवून बहुतेक सगळी परत ओढून घेतली. डॉक्टर "ईऽऽ म्हणा" म्हणाले, मी म्हटलं, आवाज ठणठणीत होता.

दुखलं ते सुई बाहेर येताना. उजव्या कानात आणि खालच्या दाढांत एकदम कळ गेली, अक्कलदाढ उपटताना जाते तशी. माझा हात आपोआप वर गेला, पण तोवर सुई निघाली होती. थोडी बाहेर पाझरली असावी, असं डॉक्टरच म्हणाले. ते त्यांनी लपवलं नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. बर्फाची पिशवी धरून तासभर बसवलं. डोकं जरा हलकं झालं होतं, कान गरम. आयुष्यात पहिल्यांदा आणि तेही डॉक्टरी सल्ल्याने.

आवाज खंबाटकी घाटात गेला. नवऱ्याला सांगत होते की पुढच्या धाब्यावर थांबू, आणि "थांबू"मधला अर्धा शब्द हवेतच विरला. दमणूक असेल म्हणून सोडून दिलं. सकाळी उठून हाक मारली तर नुसता वारा. फाटक्या भात्यासारखा. चहाचा पहिला घोट घेतला आणि जो ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. सासूबाई पाठीवर थापट्या मारत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर "मी म्हटलं नव्हतं" स्पष्ट लिहिलेलं होतं, पण म्हणाल्या नाहीत.

पुन्हा पुणे, पुन्हा नाकातून कॅमेरा. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या, देवळाच्या दोन दारांसारख्या. "ईऽऽ" म्हटलं की डावं दार मधोमध येऊन थांबत होतं, उजवं जागेवरून हलतच नव्हतं. मधल्या फटीतून वारा जात होता आणि चहाही. डॉक्टरांनी कागदावर नस काढून दाखवली. मेंदूकडून येणारी ही नस सरळ स्वरयंत्राला जात नाही. आधी छातीकडे उतरते, उजवीकडची हाताला जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते, डावीकडची थेट महाधमनीला, आणि मग थायरॉईडच्या मागच्या अंगाने परत वर चढते. कराडहून साताऱ्याला निघायचं आणि आधी कोल्हापूरला जाऊन यायचं, असला प्रकार. या परतीच्या वाटेवर माझ्या गाठीतून पाझरलेली दारू तिला भाजून गेली होती. तुटली नव्हती. काही आठवडे, क्वचित काही महिने, असं ते म्हणाले.

कुजबुजायचं नाही, हे मला नवीन होतं. मी शहाणपणाने हळू आवाजात बोलत होते, तर म्हणाले कुजबुजण्याने ताण जास्त पडतो. बोलायचं तर साध्या आवाजात, थोडं, नाहीतर गप्प. पाणी पिताना हनुवटी खाली छातीकडे घेऊन लहान घोट. या एका युक्तीने ठसका निम्म्याने कमी झाला. स्पीच थेरपीवाल्या मुलीने व्यायाम दिले, तेही केले, नवऱ्याला हसू येत असताना केले.

जूनमध्ये कोर्ट उघडलं. जमिनीच्या एका जुन्या दाव्यात उलटतपास लागला होता, पुढची तारीख मागता येत होती, पण पक्षकाराच्या वडिलांपासून चाललेला दावा, मागवेना. ज्युनिअरला उभी केली आणि मी मागे बसून चिठ्ठ्या लिहीत गेले. तिने बरं चालवलं. एकदाच घोळ झाला. मी लिहिलं होतं, "इथे थांब, उत्तर लिहून घेऊ दे." तिने तंद्रीत तेच साक्षीदाराला वाचून दाखवलं. साक्षीदार म्हणाला, "थांबलोय की बाई." साहेबांनीही मान खाली घातली.

रागावले का मी? आठवडाभर, हो. रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मनात दावाही तयार करून झाला. पण कागदावर सही माझी होती, मुद्दा क्रमांक चार होता, नस आधी चालू होती याचा पुरावा होता, धोका सांगितला होता, झाल्यावर लपवला नव्हता. अशी केस घेऊन माझ्याकडे कोणी आलं असतं तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं. ऑपरेशनमध्येही हीच नस धोक्यात असते, हेही तोवर वाचून झालं होतं.

सातव्या आठवड्यात गॅसवाला सिलिंडर न देताच पुढे निघाला आणि मी खिडकीतून "ओ दादा!" असं ओरडले. तो थांबला. मीही थांबले. कॅमेऱ्यात उजवं दार हलायला लागल्याचं नंतर दिसलं.

गाठीचं म्हणाल तर महिन्याने चार मिली पाणी अजून होतं. मला वाटलं, परत भरतेय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मेलेलं अस्तर शरीर हळूहळू खातं, गाठ महिनोन्महिने आक्रसत जाते. गरज पडली तर दुसऱ्यांदा करतात, पण स्वरपट्टी हलल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही, असंही तेच म्हणाले. घ्यावी लागली नाही. नोव्हेंबरमध्ये १.९ बाय १.३ बाय १.२, म्हणजे दीड मिली. सोळाचे दीड. बँड बांधताना आता गळा बघते, दिसत काही नाही.

खरी घाबरगुंडी त्यानंतर उडाली. जून २०२४ मध्ये वार्षिक सोनोग्राफी पुण्याला न जाता जवळच करून घेतली. डॉक्टर नवीन, तरुण. प्रोब फिरवता फिरवता थांबले, मागे गेले, पुन्हा थांबले. सोनोग्राफीवाला बोलायचा थांबला की पेशंटला सगळं कळतं. "घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर?" नाही. "ही गाठ टायरॅड्स पाचमध्ये, म्हणजे सोनोग्राफीत जास्त संशयाच्या गटात धरावी लागेल. कडा वेड्यावाकड्या आहेत, काळपट आहे, आत पांढरे ठिपके आहेत. सुईची तपासणी करून घ्या."

पाय गार पडले. मग वकील जागा झाला. "डॉक्टर, यात मागच्या वर्षी इथेनॉल घातलंय."

ते माझ्याकडे वळले. "मग आधी सांगायचं ना!"

सांगायचं होतं खरं. पण फॉर्मवर "पूर्वीचं ऑपरेशन" एवढाच रकाना होता, आणि हे ऑपरेशन नाही. गाडीत फाईल होती, माझ्या गाडीत नेहमी फाईल असते. जुने रिपोर्ट, एप्रिलमधला पेशींचा रिपोर्ट, मे महिन्यातल्या नोंदी, नोव्हेंबरची मापं, सगळं त्यांच्या टेबलावर मांडलं. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे वाचलं. दारूने वाळलेली गाठ सोनोग्राफीत हुबेहूब वाईट गाठीसारखी दिसू शकते, काळपट, कोपरे आलेली, आत चमकणारे कण. वाळलेल्या मनुकेला कोणी द्राक्ष म्हणून तपासलं तर तो सडलंय म्हणणारच. आधी ती काय होती आणि किती मोठी होती, हे माहीत असेल तरच वाचता येतं. त्यांनी पुण्याला फोन लावला, दोघांचं इंग्रजीत बोलणं झालं आणि रिपोर्ट बदलला: इथेनॉल उपचारानंतर आक्रसलेली गाठ, १.१ बाय ०.९ बाय ०.८, आधीपेक्षा लहान, वर्षाने पुन्हा बघावी. त्या रिपोर्टच्या तीन प्रती काढल्या. एक फाईलमध्ये, एक घरी, एक पर्समध्ये पैशांच्या कप्प्यात.

आवाज आला, पण सगळा नाही आला. गणपतीत आरतीला वरच्या पट्टीत गेलं की चिरकतो, मग मी टाळ्यांवर भागवते. कोर्टात वरची पट्टी लागत नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, गाठ वाळली, आता काळजी नाही.

"आन् दारू?"

"ती कधीच उतरली, आई."

"वरीस झालं की गं मग." त्या उठल्या, देवघरातल्या डब्यातून नवी तुळशीची माळ काढली आणि माझ्यासमोर ताटलीत ठेवली. मी रिपोर्ट उघडून शेवटची ओळ दाखवली, वर्षाने पुन्हा बघावी, आणि पुढची तारीख मागितली.